बातमीदार व्हायचं होतं: भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात मुलींचं माध्यमातलं स्वप्न कुठे अडतं?

टीव्हीवर बूम हातात घेऊन उभी असलेली मुलगी पाहिली आणि आपणही असंच व्हायचं ठरवलं, ही सुरुवात महाराष्ट्रातल्या अनेक मुलींची असते. २००७ साली झी २४ तास आणि स्टार माझा या वाहिन्या सुरू झाल्या, २००८ मध्ये आयबीएन लोकमत आलं. मराठी बातम्या दिवसभर घराघरांत दिसू लागल्या आणि त्यासोबत निवेदिका आणि महिला प्रतिनिधीही दिसू लागल्या. आधीच्या पिढीला हे आकर्षण आकाशवाणीने आणि मुंबई दूरदर्शनने लावलं होतं. स्मिता पाटील सिनेमात येण्यापूर्वी दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत असत, हे आजही कौतुकाने सांगितलं जातं.

ही नोकरी स्वप्नातली का वाटते, हे समजायला अवघड नाही. डॉक्टरकीसारखा मोठा खर्च नाही, नाव छापून येतं, चेहरा दिसतो. गावात ज्या कार्यालयाच्या पायरीवर आईवडील तासन्‌तास ताटकळतात, तिथे थेट आत जाऊन साहेबाला प्रश्न विचारता येतो. बाईने घराबाहेर फिरायला जिथे दहा कारणं द्यावी लागतात, तिथे फिरणं हेच काम होऊन जातं.

मग या कामावर मनापासून प्रेम असलेल्या बायका ते सोडतात का? आणि सोडल्यावरही त्याबद्दल हळहळतात का? भंडारा जिल्ह्यातल्या पत्रकारितेचं काम कसं चालतं ते पाहिलं की बरंचसं उत्तर मिळतं.

नागपूरचं पान, भंडाऱ्याची बातमी

भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी असे ७ तालुके आहेत. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि जिल्हा निम्मा राहिला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख. धानाची शेती, माजी मालगुजारी तलाव, वैनगंगा, वरठीचा पोलाद कारखाना, जवाहरनगरची आयुध निर्माणी आणि गोसीखुर्दचे प्रकल्पग्रस्त असे विषय इथे भरपूर आहेत. बातम्यांचा तुटवडा नाही.

पण मोठी मराठी दैनिकं निघतात ती ६० किलोमीटरवरच्या नागपुरातून. भंडाऱ्याचं जिल्हा पान तिथल्या डेस्कवर लागतं. जिल्ह्याच्या ठिकाणी दैनिकाचं छोटं कार्यालय असतं, तिथे जिल्हा प्रतिनिधी आणि एखाद-दुसरा सहकारी. त्याखाली तालुका प्रतिनिधी, आणि त्याखाली मोठ्या गावांतले वार्ताहर. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळेच पत्रकार. आतून पाहिलं तर पगार, नियुक्तिपत्र आणि भविष्य निर्वाह निधी या गोष्टी वरच्या एक-दोन पायऱ्यांवर संपतात. खाली राहतं ते मानधन, आणि अनेकदा तेही नाममात्र.

मग वार्ताहराची चूल पेटते कशावर? बहुतेकांची शेती, दुकान, शिकवणी किंवा एजन्सी असते. आणि असतात जाहिराती. स्वातंत्र्यदिन, दिवाळी, नेत्याचा वाढदिवस, दैनिकाचा वर्धापनदिन अशा निमित्तांनी पुरवण्या निघतात आणि जाहिराती गोळा करायचं काम वार्ताहराकडे येतं. त्यावर कमिशन मिळतं. ज्या सरपंचाची, कंत्राटदाराची किंवा संस्थाचालकाची बातमी लिहायची त्याच्याकडेच जाहिरात मागायची, हा पेच पुरुष वार्ताहरालाही आहे. बाईच्या वाट्याला त्यात भर पडते. ‘जाहिरात देतो, संध्याकाळी या’ या वाक्याचा अर्थ दोघांसाठी सारखा नसतो.

म्हणजे पत्रकारितेची पदवी घेऊन गावी परतलेल्या मुलीसमोर जी नोकरी असते ती खरं तर नोकरीच नसते. नागपूर हे पत्रकारिता शिक्षणाचं जुनं केंद्र आहे. हिस्लॉप कॉलेजात १९५२ पासून पत्रकारिता शिकवली जाते, नागपूर विद्यापीठाचाही जनसंवाद विभाग आहे. वर्गात मुली असतात, पुष्कळदा चांगल्या गुणांनी पास होतात. त्यातल्या ज्या नागपूर, पुणे, मुंबई गाठू शकतात त्या डेस्कवर किंवा वाहिनीत लागतात. ज्या लग्नामुळे किंवा घरच्या जबाबदारीमुळे जिल्ह्यात राहतात, त्यांना हीच उतरंड खालून चढायची असते.

संध्याकाळी सहानंतरची पत्रकारिता

विदर्भात पत्रकार परिषदेला ‘पत्रपरिषद’ म्हणतात. ती दुपारी विश्रामगृहात होते आणि तिथे जायला कोणाची अडचण नसते. पण पत्रपरिषदेतून मिळते ती सगळ्यांना मिळालेली बातमी. वेगळी बातमी मिळते ती नंतर, चहाच्या टपरीवर, ठाण्याच्या आवारात, एखाद्या नेत्याच्या गाडीत, ढाब्यावरच्या जेवणात. वर्षानुवर्षं सोबत बसून तयार झालेल्या ओळखीतून ठाणेदार एका फोनवर माहिती देतो. या बैठकीत बाई बसली तर गावात चर्चा होते, नाही बसली तर बातमी जाते. तिसरा पर्याय फारसा नसतो.

भंडाऱ्यातला एक नेहमीचा विषय घ्या: वैनगंगेतली रेती. अवैध उपसा आणि वाहतूक मुख्यतः रात्री चालते. घाटावर जाऊन फोटो काढायचा तर रात्रीच जावं लागतं, आणि तिथे पुरुष पत्रकारालाही जपून राहावं लागतं. मग ही बातमी बाईला द्यायची नाही, असं ठरवायला कुणाला वाईट हेतू लागत नाही. ‘तुझ्याच काळजीपोटी’ म्हणून गुन्हे, राजकारण, रेती हे विषय बाजूला होतात आणि तिच्याकडे येतात शाळांची स्नेहसंमेलनं, बचत गटांचे मेळावे, हळदीकुंकू आणि आरोग्य शिबिरं. हे विषय हलके नाहीत. बचत गटाच्या कर्जवसुलीत तालुक्याचं अख्खं अर्थकारण दडलेलं असतं. पण पानावर त्यांना जागा मिळते ती फोटोओळीपुरती, आणि बढती ठरते ती पहिल्या पानावरच्या बातम्यांवर.

शहरांतही फार वेगळं घडलं नाही. मराठी दैनिकांच्या महिला पुरवण्यांनी अनेक लेखिका आणि उपसंपादक घडवल्या, त्याच वेळी ‘बाईची जागा पुरवणीत’ ही सवयही घट्ट केली. आंतरराष्ट्रीय पाहणीही हेच सांगते. इंटरनॅशनल विमेन्स मीडिया फाउंडेशनने २०११ मध्ये ५९ देशांतल्या ५२२ माध्यम संस्थांचा अभ्यास केला, तेव्हा वरिष्ठ व्यवस्थापनातल्या ७३ टक्के जागा पुरुषांकडे होत्या. बातमीत कोण दिसतं याची मोजणी करणाऱ्या जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्पात १९९५ साली स्त्रियांचं प्रमाण १७ टक्के होतं. २०२० मध्ये ते २५ टक्क्यांवर आलं. पंचवीस वर्षांत आठ टक्के!

रात्री नको असलेली बाई सकाळी हवी असते

या नात्यातला सगळ्यात अवघड भाग मात्र वेगळाच आहे. जी बातमीदार रात्री घाटावर नको असते, तीच दुसऱ्या दिवशी सकाळी रडणाऱ्या आईशी बोलायला हवी असते. भंडारा जिल्हा देशाच्या बातम्यांत आला तो बहुतेक वेळा स्त्रिया आणि मुलांवर कोसळलेल्या प्रसंगांमुळे.

२९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची हत्या झाली. कुटुंब दलित होतं. राष्ट्रीय माध्यमांत ही घटना ठळकपणे यायला सुमारे महिना गेला, नागपूर आणि इतरत्र लोक रस्त्यावर उतरल्यावर. सुरुवातीला या हत्याकांडाला अनैतिक संबंधांचा रंग दिला गेला होता. असा रंग येतो कुठून? ठाण्यातून आणि गावातल्या वजनदार माणसांकडून, म्हणजे ज्या बैठकीचं वर्णन वर आलं तिथूनच. एखादी स्त्री बातमीदार असती तर सगळं वेगळं घडलं असतं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. जात आणि सत्ता तिलाही आडवी आली असती. पण बातमीचा एकच रस्ता असला की त्या रस्त्यावर बसलेल्याचीच गोष्ट छापली जाते, एवढं खैरलांजीने दाखवून दिलं.

फेब्रुवारी २०१३ मध्ये लाखनी तालुक्यातल्या मुरमाडीत तीन अल्पवयीन बहिणींचे मृतदेह विहिरीत सापडले. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेला जेमतेम दोन महिने झाले होते. देशभरातले कॅमेरे गावात आले. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा तेव्हाही गुन्हा होता. तरीही १ मार्च २०१३ रोजी केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी राज्यसभेत निवेदन करताना मुलींची नावं वाचली आणि ती नंतर कामकाजातून काढावी लागली. देशाच्या गृहमंत्र्याचं निवेदन चुकतं, तिथे दाराशी उभ्या असलेल्या तालुका वार्ताहराला हे नियम कोणी शिकवलेले असतात?

आणि ९ जानेवारी २०२१ ची पहाट. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात आग लागून १० बाळं गेली, ७ वाचवता आली. बातमी मध्यरात्रीनंतरची, पण तिचं मर्म होतं बाळंतिणींकडे. आपलं बाळ कुठे आहे हे त्यांना केव्हा आणि कसं कळलं, हे विचारण्याचं काम अशा वेळी कोणाकडे जाईल ते सांगायला नको.

यातली गोम अशी की हे काम स्त्री बातमीदार खरोखरच चांगलं करू शकते. बायका तिच्याशी बोलतात, घरात घेतात, पुरुषासमोर न सांगितलेलं सांगतात. अनेकींना पत्रकारिता हवी असते ती याचसाठी. पण दारातून आत जाण्याची ही मुभा संस्थेला फुकट मिळालेली असते. त्या माउलीचं दुःख मिळवून आणायचं, डेस्कला ‘बाइट’ द्यायचा, आणि दोन महिन्यांनी तीच बाई ‘आमचं काय झालं गं?’ म्हणून फोन करते तेव्हा उत्तर द्यायचं ते या मुलीनेच. गाव तिचंच असतं. मुंबईची ओबी व्हॅन निघून जाते, ती जात नाही. स्वप्नातल्या नोकरीबद्दलचा राग आणि माया एकाच ठिकाणी साचतात ते इथे.

हे नवं आहे का?

नाही. मराठीतल्या पहिल्या स्त्री संपादक मानल्या जाणाऱ्या तानूबाई बिर्जे यांच्याकडे हे काम आलं तेच दुःखातून. पुण्याच्या तानूबाई सत्यशोधक घरातल्या, जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या. पती वासुदेवराव बिर्जे ‘दीनबंधु’ चालवत होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेलं हे बहुजन समाजाचं पत्र. वासुदेवराव गेल्यावर तानूबाईंनी १९०६ ते १९१२ या काळात ते सांभाळलं. राजकीय प्रश्नांवर अग्रलेख लिहिणाऱ्या या बाईचं नाव पुढे कित्येक दशकं पत्रकारितेच्या इतिहासात जवळजवळ नव्हतंच.

होमाई व्यारावाला यांची गोष्ट याहून बोलकी आहे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या या पारशी बाई देशातल्या पहिल्या महिला छायापत्रकार. सुरुवातीचे त्यांचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापून येत. पुढे दिल्लीत त्यांनी स्वातंत्र्याचा सोहळा, नेहरू, माउंटबॅटन सगळं टिपलं. अवजड कॅमेरा, साडी आणि सायकल, असा त्यांचा थाट. १९७० च्या सुमारास, पतीच्या निधनानंतर वर्षभरात, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. नव्या छायाचित्रकारांचं वागणं आणि या व्यवसायातली उतरलेली शिस्त त्यांना पटेना, असं त्यांनी पुढे सांगितलं. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं तोवर चार दशकं त्यांनी व्यावसायिक फोटो काढला नव्हता. काम येत नव्हतं म्हणून नाही, काम जसं झालं होतं ते नको होतं म्हणून.

विद्या बाळ यांनी तिसरी वाट धरली. किर्लोस्करांच्या ‘स्त्री’ मासिकात १९६४ पासून काम करत त्या १९८३ मध्ये संपादक झाल्या आणि तीन वर्षांत बाहेर पडल्या. १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. मोठ्या संस्थेची खुर्ची गेली, पण काय छापायचं हे ठरवायचा हक्क आला. अर्थात पुण्यात वर्गणीदार, लेखक आणि मैत्रिणी यांचं जाळं उभं करता येतं. लाखांदूरमध्ये बसून मासिक चालवणं ही वेगळी गोष्ट आहे.

कायदा काय देतो?

कागदावर बरंच काही. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा कामाचे तास चार आठवड्यांत १४४ वर मर्यादित करत होता आणि त्याखाली वेतन मंडळं नेमली जात. शेवटचं मजीठिया मंडळ. त्याच्या शिफारशी केंद्राने नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ रोजी उचलून धरल्या. आता हा कायदा नव्या कामगार संहितांमध्ये विलीन झाला असून पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमंही आली आहेत. पण ज्याच्या हाती नियुक्तिपत्रच नाही त्याने वेतन मंडळ मागायचं कोणाकडे, हा जुना प्रश्न जिथल्या तिथे आहे.

त्या मानाने २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा वार्ताहर बाईच्या जास्त कामाचा आहे आणि त्याची माहिती मात्र सगळ्यात कमी. तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. या कायद्यात कर्मचारी म्हणजे फक्त कायम नोकरीतली व्यक्ती नाही. हंगामी, कंत्राटी, अगदी विनावेतन काम करणारीही त्यात येते. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागाही कामाची जागाच, म्हणून जाहिरातीसाठी बोलावणाऱ्याचं ऑफिसही त्यात बसू शकतं. आणि १० पेक्षा कमी माणसांच्या कार्यालयात अंतर्गत समिती नसते, त्यामुळे तक्रार जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे करता येते. मालकाविरुद्धची तक्रारही तिथेच जाते. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळते.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. हल्ला झाल्यावर त्याचा उपयोग. बातमी गोळा करायला जाताना घरच्यांच्या मनात जी धास्ती असते तिच्यावर त्याचा इलाज नाही. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईत शक्ती मिलच्या आवारात कामासाठी गेलेल्या २२ वर्षांच्या छायापत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. सोबत पुरुष सहकारी होता आणि रात्रही झाली नव्हती. तिला लवकर कामावर परतायचं आहे, असं तेव्हा बातम्यांतून समोर आलं. मात्र अशा घटनेनंतर शेकडो किलोमीटरवरच्या घरांत ‘आता पुरे’ असं ऐकावं लागतं ते इतर मुलींना.

ज्यांनी आपलंच दुकान मांडलं

उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ साली ‘खबर लहरिया’ हे पत्र सुरू झालं. ग्रामीण, त्यातही दलित स्त्रियांनी चालवलेलं. बुंदेली बोलीत, खाणी, पाणी आणि अत्याचाराच्या बातम्या. पुढे ते पूर्णपणे डिजिटल झालं. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२२ च्या ऑस्करच्या अंतिम यादीत गेला, तेव्हा या बायकांनी जाहीरपणे सांगितलं की चित्रपटाने आमच्या कामाचा एकच भाग दाखवला आहे. सगळीकडे टाळ्या वाजत असताना हे म्हणायला धाडस लागतं. साताऱ्यातल्या म्हसवडमध्ये माणदेशी फाउंडेशनने २००८ पासून सामुदायिक रेडिओ चालवला आहे. तिथे गावच्या बायका कार्यक्रम करतात. फक्त अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, त्यामुळे ती बातमीदारीची जागा घेऊ शकत नाहीत.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात आता मोबाइल आणि यूट्यूब चॅनेल हा मार्ग आहे. डेस्कची परवानगी नको, पानावरची जागा नको, झाडीबोलीत बोललं तरी चालतं. धानाच्या बोनसवर बांध्यात उभं राहून केलेला व्हिडिओ दैनिकातल्या फोटोओळीपेक्षा जास्त लोक बघतात. उत्पन्न मात्र पुन्हा त्याच स्थानिक जाहिरातींवर येऊन ठेपतं, आणि चेहरा दिसत असल्याने शिव्याही थेट मोबाइलवर येतात.

घरात याचा हिशेब वेगळा होतो. सासरी पहिलं वर्ष कौतुक असतं, पेपरात नाव आलं की कात्रण दाखवलं जातं. मूल झालं की काही वर्षं काम थांबतं, आणि तेवढ्यात तालुक्याची एजन्सी दुसऱ्याकडे गेलेली असते. परत आल्यावर सुरुवात नव्याने. राज्य सरकारच्या ज्येष्ठ पत्रकारांसाठीच्या आचार्य बाळशास्त्री जांभेकर सन्मान योजनेला वयाची ६० वर्षं आणि पत्रकारितेची ३० वर्षं लागतात. ती ३० वर्षं कात्रणं, नियुक्तिपत्रं आणि अधिस्वीकृतीच्या कागदांनी सिद्ध करावी लागतात. त्यामुळे जिल्ह्यात काम करणाऱ्या मुलीने पहिल्या दिवसापासून करायच्या कामांत एक काम अगदी साधं आहे: छापून आलेली प्रत्येक बातमी तारखेसह कापून ठेवणं, आणि मानधन कितीही कमी असो, ते बँक खात्यातच मागणं.